रात्रीच्या गरम पोळीचा हट्ट आता सोडू या

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या रात्रीच्या जेवणाच्या पाककृती आल्या होत्या. भरली वांगी, कोफ्ता करी, पनीर पराठे. वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. या पदार्थांशी माझं भांडण नाही, दिवाळीनंतर खुशाल करावेत. पण मे महिन्यात अकोल्यात रात्री साडेसातला पराठे लाटायला उभी राहणारी बाई पाककृती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती का, एवढंच मला विचारायचं आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरात स्वयंपाकघर पश्चिमेला. दिवसभर तापलेली ओट्यामागची भिंत रात्री नऊलाही हाताला ऊन लागते. सूनबाई बँकेतून साडेसहाला घरी येतात आणि हातपाय धुऊन थेट ओट्याशी जातात. कूलर बैठकीत. स्वयंपाकघरात पंखा आहे, पण तो लावला की गॅसची ज्योत फडफडते आणि तवा तापत नाही. म्हणून ऐन गरजेच्या वेळी तोच बंद करावा लागतो. हे घरोघरी असंच चालतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्या की सूनबाई म्हणायच्या, "आई, मला भूक नाही, मी नुसतं ताक घेते." एक दिवस झाला, दोन दिवस झाले, आठवडा गेला. मग मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मानेवर, कोपराच्या आत घामोळं उठलेलं. काचेच्या बांगड्या वाफेने इतक्या तापलेल्या, की मधूनमधून त्या मनगटापासून वर सारत होत्या. नातवाच्या खोलीतलं तापमापक आणून मी ओट्याशेजारी टांगलं. पोळ्या सुरू करताना 39 होतं, बारावी पोळी उतरली तेव्हा 42. जी बाई सगळ्यांसाठी रांधते, तिलाच त्या उष्म्यात घास उतरत नव्हता. मीही पस्तीस वर्षं असंच केलं होतं आणि कधी बोलले नव्हते, याचं मला फार वाईट वाटलं.

आपण पहिल्या पानावर रोज पारा छापता. तो आकडा उघड्या मैदानात, सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. वर्गात मुलांना मी हे कितीदा शिकवलं आहे. 2020च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा 47च्या वर गेला होता, तेव्हा टाळेबंदीमुळे घरातले सगळे दोन्ही वेळा घरीच जेवत होते. त्या दिवसांत ओट्याशी किती होतं, ते कुठल्या पेटीत मोजलं गेलं? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांमध्ये कडक उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळा, स्वयंपाकाच्या जागी दारं-खिडक्या उघड्या ठेवा, असंही सांगितलेलं आहे. बातम्यांत मात्र दुपारी घराबाहेर पडू नका, एवढंच येतं. घरातल्या घरात ज्वाळेसमोर उभं राहणाऱ्याचं काय?

वाट मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी दाखवली. त्यांची खोली टिनाची. म्हणाल्या, "काकू, आमच्यात उन्हाळ्यात रात्री गॅस पेटतच नाही. टिनाखाली कोन बसंल? सकाळची भाकर, कांदा अन् ताक." मला एकदम माझ्या सासूबाईंच्या ताक-कण्या आठवल्या.

गिरणीवाल्याकडून ज्वारी भरडून आणली. चाळून पीठ वेगळं केलं, आंबिलीला उपयोगी पडलं. वाटीभर कण्या दुपारी चार वाट्या पाण्यात भिजत घातल्या. संध्याकाळी त्याच पाण्यात मीठ टाकून कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि आम्ही दोघी सरळ कूलरसमोर. वाफ आपोआप जिरेपर्यंत कण्या मऊ होतात. निवल्या की त्यात घुसळलेलं ताक, वरून लसूण-मिरचीची फोडणी, बाजूला फोडलेला कांदा. शिवाय कैरीचा तक्कू, त्याला फोडणीपुरताच गॅस: किसलेली कैरी, किसलेला कांदा, गूळ, तिखट, मीठ आणि मोहरी-मेथी-हिंगाची गार केलेली फोडणी. तक्कूला मुरायला अर्धा तास द्यावा, गूळ सुटून त्याचा रस होतो. पूर्वी आमच्याकडे रात्री तास-सव्वातास गॅस जळायचा. आता वीस मिनिटं, त्यातही उभं राहणं पाचच मिनिटांचं.

ह्यांना ते पटलं नाही. "कण्या हे काय जेवण झालं?" म्हणाले. ह्यांचं बालपण मूर्तिजापूरकडचं. 1972च्या दुष्काळात घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, कण्या खाऊन दिवस काढले, तेव्हापासून कण्या म्हणजे गरिबी आणि गव्हाची पोळी म्हणजे बरे दिवस, हे मनात घट्ट बसलेलं. मी वाद घातला नाही. माझ्या पिढीतल्या पुष्कळ घरांत गरम पोळीचा हट्ट असतो त्यामागे असलं काही दुखणं असतं, म्हणून तो चेष्टेने सुटणार नाही. ह्यांना मी फक्त ओट्याशेजारचं तापमापक दाखवलं. पहिले दोन दिवस सकाळची पोळी खाल्ली, तिसऱ्या दिवशी कण्यांची वाटी पुढे केली. आता कैरी तेच किसतात.

यंदा गुढीपाडव्यालाच घरात ठरवलं, मिरग लागेपर्यंत रात्री तवा चढणार नाही. पोळ्या सकाळी साडेसहाच्या आत होतात, त्याच रात्री रसाबरोबर. कधी दहीभात, कधी सातूचं पीठ, कधी आंबील. सकाळचं वरण मात्र आमच्याकडे रात्रीपर्यंत टिकत नाही, नासतं. तो प्रयोग कोणी करू नये. सूनबाई आता आमच्याबरोबर ताटावर बसून जेवतात.

संपादक महोदय, उन्हाळ्यातल्या प्रत्येक पाककृतीखाली साहित्याबरोबर गॅस किती मिनिटं जळेल आणि ओट्याशी किती मिनिटं उभं राहावं लागेल, हे दोन आकडे छापावेत. आणि खानदेश, मराठवाडा, कोकण, जिथे जिथे आपले वाचक आहेत, त्यांच्याकडून बिनतव्याची रात्रीची जेवणं मागवावीत. 25 मेला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतो, त्याआधीच्या रविवारी ती छापून आली तर यंदाच उपयोगी पडतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जठारपेठ, अकोला