चौदा गावांची सरळ रेषा

प्रिय नंदू,

पत्र मिळालं. टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात भटक्या टोळीचं कॅम्पेन, म्हणजे बरीच सेशन (बैठका) चालणारी गोष्ट, सुरू करतोयस हे वाचून बरं वाटलं, पण सोबतचा नकाशा बघून धस्स झालं. चौदा उद्ध्वस्त गावं, आणि तीही एका सरळ रेषेत! अगदी हेच मी केलं होतं. दर सेशनला नवी वस्ती, नवे लुटारू, नवा कोणीतरी शहाणा म्हातारा. चौथ्या सेशनपासून खेळाडू कुणाचं नावच लक्षात ठेवेनात. ठेवतील कशाला? पुन्हा थोडाच भेटणार होता तो.

भटके म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे, असं आपण उगाच धरून चालतो. ऋतू पालटला की गुरं घेऊन निघणारे लोक फिरून फिरून त्याच चराऊ रानांत आणि त्याच पाणवठ्यांवर येतात. म्हणून मी रेषा वाकवून तिचं कडं केलं. सहा मुक्काम, वर्षाला एक फेरा.

पहिल्या फेऱ्यात आमच्या मंडळींनी विहिरीवरच्या एका म्हातारीला गंडवून तिचं पाणी गाळायचं यंत्र लांबवलं होतं. तेव्हा टेबलावर हशा पिकला. दुसऱ्या फेऱ्यात तिथे पोचलो, तर विहिरीमागे तीन ताज्या कबरी आणि रहाटाशी बसलेली तिची नात. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. फाशांना कोणी हात लावेना. ज्याने यंत्र उचललं होतं त्याने रबर घेतलं आणि आपल्या कॅरेक्टर शीटवरून, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावरून, ते खोडलं. सरळ रेषेत हे घडलंच नसतं.

दुसरं म्हणजे वजन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला पाणी वाहावं लागत नाही! माणशी दिवसाला ३ लिटर धर, फक्त पिण्याचं. २० जणांना ५ दिवसांचं ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. आता गाडीवर शिवणयंत्र राहील की पाय मोडलेला माणूस, हे खेळाडूंना ठरवू दे. किलोकिलोचा हिशेब मात्र ठेवत बसू नकोस, कंटाळा येतो. गाडीला दहा चौकोन काढ. पाण्याचं पिंप दोन चौकोन, माणूस दोन. संपले चौकोन की भांडण आपोआप सुरू.

इंधनासाठी ‘ट्वायलाइट: २०००’ बघ. १९८४चा खेळ, अणुयुद्धानंतरच्या पोलंडमध्ये मागे राहिलेल्या सैनिकांचा. नियम भयंकर किचकट, ते सोडून दे. पण त्यात गाड्या अल्कोहोलवर चालतात आणि ते गाळायला भट्टी लावून थांबावं लागतं, ही गोष्ट मात्र उचल. पळणाऱ्या टोळीला थांबायला लावणारं याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

‘म्यूटंट: यिअर झीरो’ या खेळामधूनही एक चोरी कर. तिथे वस्तीचेच आकडे असतात: अन्न, संस्कृती, तंत्रज्ञान आणि युद्ध. खेळाडू कामं ठरवून ते वाढवत नेतात. तो खेळ एका जागी तळ ठोकलेल्यांचा. आपण त्या कागदाला चाकं लावायची. टोळीचं एक वेगळं शीट टेबलाच्या मधोमध ठेव, कुणा एकाच्या हातात नको. माझ्याकडे ते सरदार झालेल्या खेळाडूकडे गेलं आणि बाकीचे खेळाडू तीन सेशनभर नुसते त्याच्या मागून चालले.

लुटारू कमी कर. चौदांपैकी नऊ ठिकाणी लुटारू आहेत तुझ्या. ते सगळे एकमेकांनाच लुटून जगतात की काय? दोन ठेव, आणि त्यातली एक टोळी तुमच्याच वाटेवर एक मुक्काम पुढे असू दे. तिची विझलेली चूल, तिने उपसून ठेवलेली विहीर दिसली की पुरे.

नकाशा वाकवून पुन्हा पाठव. आणि माझी विहीरवाली म्हातारी घ्यायची असेल तर खुशाल घे, फक्त पहिल्याच फेऱ्यात मारू नकोस तिला.

तुझा,
बंड्या