धरणावर फिरायला या, पण सांडव्याला हात लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मातीच्या धरणांवर लोकांना येऊ द्यायचं की नाही यावर सध्या दोनच टोकाची मतं कानावर येतात. एकजण म्हणतो गेट लावा, कुलूप ठोका आणि कुणाला आत सोडू नका, दुसरा म्हणतो बोटिंग सुरू करा, बाग करा, सेल्फी पॉइंट काढा. मी स्वतः कित्येक वर्षं अशाच एका धरणाच्या माथ्यावर रोज सकाळी चालायला जातो त्यामुळे मला कुलूप नकोच आहे, पण बोटिंगवाल्यांचं बोलणं ऐकलं की पोटात गोळा येतो कारण त्यांच्या डोक्यात धरण म्हणजे फक्त पाणी, ते पाणी ज्या भिंतीने अडवलंय तिचं नावही कोणी काढत नाही.

मातीचं धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मधे चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरूम, पाण्याच्या बाजूला पिचिंग म्हणजे लाटांपासून वाचवायला रचलेला दगडांचा थर, आणि हे सगळं थर टाकून दाबून बसवलेलं. तरी ते थोडंफार पाझरतंच, पाझरणं हा दोष नाही. प्रश्न असतो की पाणी कुठून येतंय, किती येतंय आणि स्वच्छ येतंय की गढूळ. आता नव्या धरणात पाझर बाहेर पडताना मातीचे कण अडकावेत म्हणून वाळूचा फिल्टर घालतात, पण बऱ्याच जुन्या धरणांत तो नाहीच, त्यात पोटातून गेलेला लोखंडी पाइप गंजलेला, पाइपाच्या बाहेरून माती थोडी सैल झालेली, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. एकदा का आतून कण निघायला लागले की पोकळी मागे मागे सरकत तलावापर्यंत जाते. अमेरिकेतलं टेटन धरण 5 जून 1976 ला असंच गेलं, सकाळी सात-साडेसातला गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलेलं होतं. ते तर कोरं करकरीत, पहिल्यांदाच भरत असलेलं धरण होतं.

हे एवढं सांगतोय कारण एका उन्हाळ्यात मला पायथ्याजवळ एक हिरवा पट्टा दिसला. आजूबाजूचं गवत पार वाळून पिवळं पडलेलं आणि मधेच हातभर रुंदीची हिरवीगार पट्टी, काठी टोचली तर पचकन आवाज. खड्ड्यात साचलेलं पाणी मी प्यायच्या बाटलीत भरलं आणि बाटली दगडावर न हलवता ठेवून अर्धा तास तिथेच बसून राहिलो. तळाला काहीच साचलं नाही, पाणी काचेसारखं. मग चौकीवरच्या माणसाला जाऊन सांगितलं, त्याने साहेबांना बोलावलं, त्या पट्टीच्या चारी बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि पाणी मोजायला छोटा व्ही नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली पट्टी, बसवला. आजही तो माणूस तिथे आकडा लिहून घेतो. तलाव भरला की आकडा वाढतो, उतरला की कमी होतो, म्हणजे काळजीचं कारण नाही. तलाव तेवढाच असताना आकडा वाढला किंवा पाण्याला मातकट रंग आला तर मात्र धावपळ करायची. सांगायचा मुद्दा हा की तो पट्टा फिरायला येणाऱ्या माणसाला दिसला, आणि दिसला कारण उतारावरचं गवत कापलेलं होतं. तिथे सुशोभीकरणाची झुडपं आणि फुलझाडं असती तर कोणाला काय दिसणार होतं?

उतारावर बाग करू नका म्हणतो ते यासाठी. मोठं झाड तर नकोच, ते मेलं की मुळं कुजतात आणि बोगदा मागे राहतो, वादळात उन्मळलं तर उताराचा घासच घेऊन जातं. घुशी, उंदीर, खेकडे यांच्या बिळांचंही तेच. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटल्यावर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्यावरून एवढी चेष्टा झाली की बिळांचा विषय काढायचीही लोकांना लाज वाटते, पण बीळ हा मातीच्या धरणाचा खरा शत्रू आहे आणि ते वेळेवर बुजवणं माणसाचं काम आहे, त्यामुळे बिळाचं नाव घेऊन कोणाची जबाबदारी सुटत नाही. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीबद्दल आधीच सांगितलं होतं हेही तेव्हा सगळ्यांनी वाचलंय.

आता मौजमजेच्या मुख्य मुद्द्यावर येतो. पेनसिल्वेनियातल्या साउथ फोर्क धरणाची गोष्ट प्रत्येक पर्यटनवाल्याने वाचावी असं मला मनापासून वाटतं. मुळात कालव्यासाठी बांधलेलं मातीचं धरण, कालवा बंद पडला, धरण हातोहात विकलं गेलं, मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी पाइप काढून भंगारात घातले. मग 1879 च्या सुमारास ते श्रीमंतांच्या एका क्लबकडे आलं, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्याचे मेंबर होते. मासेमारी, शिडाच्या होड्या, काठाने बंगले. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जाळ्या बसवल्या. पाइप परत बसवलेच नाहीत त्यामुळे तलाव उतरवायची सोयच उरली नाही. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर किरकोळ वाटते, कोणीही मीटिंगमध्ये हो म्हणेल अशी. 31 मे 1889 ला तुफान पाऊस झाला, जाळ्यांना ओंडके आणि काटक्या अडकल्या, पाणी खाली घेतलेल्या माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउन गावात 2,209 माणसं मेली.

मातीच्या धरणाला वरून वाहणारं पाणी सोसत नाही. दगडी धरण थोडा वेळ तरी तग धरतं, मातीचं चरत चरत जातं. म्हणून सांडवा आणि सांडव्यापासून माथ्यापर्यंतची ती रिकामी उंची, बघणाऱ्याला वाटतं उगाच वाया गेलेली जागा, ती सगळ्यात महाग जागा आहे. बोटी नीट चालाव्यात म्हणून सांडव्यावर फळ्या लावून किंवा वाळूच्या गोण्या रचून फूटभर पाणी जास्त धरायचं, म्हणजे तेवढी जागा विकून टाकायची. आणि जुन्या धरणात ती आधीच कमी झालेली असते कारण भराव वर्षानुवर्षं बसत जातो, मधे माथा खचून खोलगट होतो आणि पाणी पहिलं तिथूनच वाट काढतं.

इंग्लंडमधल्या टॉडब्रूक तलावाचं अलीकडचंच आहे. 1830 च्या दशकातलं मातीचं धरण, तलावात शिडाच्या होड्यांचा क्लब. 1 ऑगस्ट 2019 ला पावसात सांडव्याचं काँक्रीट उखडलं आणि त्याखालची माती वाहून जायला लागली, खालच्या व्हेली ब्रिज गावातली सुमारे 1,500 माणसं घराबाहेर काढावी लागली, हेलिकॉप्टरने खडीच्या गोण्या आणून त्या भगदाडात टाकल्या आणि पंप लावून तलाव उतरवला. एकही माणूस मेला नाही. का, तर कोणीतरी वेळेवर बघितलं आणि लगेच गाव रिकामं केलं. सांडवा मूळ धरणाच्या मानाने नवा होता, 1970 च्या आसपासचा, म्हणजे जुन्या धरणाला जोडलेली नवी गोष्टही तितकीच तपासावी लागते.

मिशिगनमधलं 1924 चं ईडनव्हिल धरण 19 मे 2020 ला गेलं तेव्हा तर पाणी माथ्यावरून गेलंही नव्हतं. एका रहिवाशाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आहे, उभा उतार बघता बघता काही सेकंदांत खाली बसतो आणि मागून तलाव येतो, आतली सैल वाळू पाण्याने भरून एकदम पातळ झाली होती. त्या तलावाकाठी लोकांची घरं, धक्के, बोटी. तलाव रिकामा पडला की काठावरच्या माणसाला किती वाईट वाटतं ते मला कळतं, इथेही दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं तेव्हा मासे मेले आणि घाण वास सुटला म्हणून लोक चिडले होते, मीही चिडलो होतो. पण धरण म्हातारं झालं की पाणी कमी ठेवायला सांगणाऱ्या इंजिनिअरचं ऐकायचं, सीझन जातोय म्हणून त्याच्यावर दबाव आणायचा नाही.

तर मग लोकांनी यायचं कसं? माथ्यावरून चाला, बसा, सूर्योदय बघा. उतारावरून शॉर्टकट मारू नका, त्या पायवाटेची पहिल्या पावसात घळ होते. बाइक माथ्यावर आणि उतारावर दोन्हीकडे नको, चाकोरीत पाणी साचून आत मुरतं. पिचिंगचा दगड चुलीला घेऊ नका आणि पाण्यात भिरकावू नका, मी मुलांना शांतपणे सांगतो तर बहुतेकदा ऐकतात. पायथ्याला टपऱ्या आणि टॉयलेटसाठी खड्डे खणायला कोणीही परवानगी देऊ नये. आणि सांडव्याखालच्या कुंडात पोहायला उतरूच नका, वरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परत परत आत ओढतं, विमोचकाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाजवळ तर पाणी वरून संथ दिसतं आणि आत खेच असते.

धरणाच्या मालकांना, मग ते सरकार असो की संस्था, एकच विनंती आहे. गेटवर ‘पोहण्यास मनाई’ची पाटी असतेच, तिच्या शेजारी अजून एक लावा. त्यावर साध्या भाषेत लिहा की नवा ओलसर डाग, गढूळ गळती, माथ्यावर लांबट भेग, खचलेला भाग, नवीन बीळ किंवा सांडव्यात अडकलेला कचरा दिसला तर या नंबरवर फोन करा, आणि तो फोन रात्रीही कोणीतरी उचलेल याची व्यवस्था करा. खालच्या वस्तीला भोंगा कसा वाजतो आणि पळायचं कुठे हे कोरड्या दिवसात एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

परवाच त्या हिरव्या पट्टीपाशी शाळेतली दोन मुलं उकिडवी बसून व्ही नॉचमधलं पाणी बघत होती. हे काय मोजतात काका, म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं, आणि त्यातल्या एकीने लगेच बाटली पुढे केली.

आपला,
रोज धरणावर चालणारा एक वाचक