पाळी आपली असताना घाई कसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी खर्चात बनलेल्या भुयारी गेमविषयी खेळणाऱ्यांचं मत विचारलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सगळा नशिबाचा खेळ, पाचव्या मजल्यापुढे जाताच येत नाही.’ ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ या भुयारात मजल्यामागून मजला खाली उतरत जाण्याच्या मोबाइल गेमपुरतं तरी हे मत खोडून काढायला हवं. कोकणात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. अशा वेळी जुन्या फोनवर, नेट नसताना, एकही जाहिरात न दाखवता चालणारा हा गेम नुसत्या गैरसमजापायी डिलीट होतो.

मूळ ‘पिक्सेल डंजन’ २०१२चा, एकट्या ओलेग दोल्याने बनवलेला. पुढे त्याने सोर्स कोड खुला केला आणि २०१४पासून इव्हान डेबेनहॅमने त्यावरच ‘शॅटर्ड’ वाढवत नेला. एकूण २६ मजले, दर पाचव्या मजल्यावर एक मोठा शत्रू. मेलात की पहिल्यापासून सुरुवात. मात्र इथे घड्याळ चालत नाही. तुम्ही चाल केल्याशिवाय समोरचा उंदीरसुद्धा जागचा हलत नाही. तरी लोक रमीची पानं उडवल्यासारखी बोटं चालवतात आणि मग नशिबाला बोल लावतात.

पहिली तक्रार, खाणं पुरत नाही. साधारण ३०० चालींनंतर भूक लागते, ४५० नंतर उपासमार सुरू होऊन जीव घटू लागतो. जखम आपोआप भरते ती सुरुवातीला अंदाजे १० चालींना जीवाचा एक अंक एवढ्याच वेगाने. आता हिशेब करा: वीस अंक भरून काढायला बसलात तर २०० चाली, म्हणजे भूक लागण्याआधीच्या ३०० चालींपैकी दोन तृतीयांश, एकाच विश्रांतीत गेल्या. खाणं मिळतं ते मजल्यांच्या हिशेबाने, तुम्ही किती वेळ काढलात त्यावर नाही. प्रत्येक चकमकीनंतर बसून राहणारा उपाशी मरणारच.

दुसरी चूक मोठी, अपग्रेड भलत्या जागी लावण्याची. दर पाच मजल्यांत अपग्रेडचे (एखादी वस्तू सुधारणारे) तीन स्क्रोल, म्हणजे मंत्राच्या गुंडाळ्या, आणि ताकद वाढवणारी दोन पोशन, म्हणजे औषधाच्या बाटल्या, मिळतातच. ते शोधायचे तुम्ही, पण ठेवलेले असतात नक्की. एवढं ठाऊक असेल तर पुढचं सगळं गणित आहे. सुरुवातीची ताकद १०, पाच मजले झाले की १२. साखळ्यांच्या चिलखताला १४ लागते, पण अपग्रेड करत गेलं की ही गरज पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या वाढीला एकेकाने उतरते. तिन्ही स्क्रोल त्याच चिलखतावर लावले तर गरज १२वर येते आणि ते अंगाला बरोबर बसतं. हेच तीन स्क्रोल १८ ताकदीच्या जाड पोलादी चिलखतावर लावले तर गरज १६, म्हणजे अजून चार कमी. प्रत्येक कमी अंकामागे चाल मंदावते, वार चुकवणं अवघड होत जातं. भारी चिलखत घालून पाचव्या मजल्यावर मेलेले यामुळे मेलेले असतात. एक स्क्रोल तलवारीला, एक अंगठीला, एक चिलखताला अशी वाटणी करणारेही त्यांच्याच रांगेत.

तिसरी गोष्ट अनोळखी पोशनची. रंग दर डावाला बदलतात, त्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही. आधी मजला मोकळा करा, कारण एखाद्या बाटलीतल्या वायूने अंग लुळं पडतं. मग आपल्याकडचे स्क्रोल वाचून टाका, अंगाला आग लागली तर ते जळू शकतात. बाटली प्यायची ती दाराजवळ, पाण्याच्या कडेला. गवतात कधीही नाही. आग लागली तर पाण्यात एक पाऊल, विषारी वायू निघाला तर दाराबाहेर. आपण उंबऱ्यावरून हटलो की दार आपोआप लागतं आणि वायू आतच राहतो. दाराचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या आडोशाला उभं राहून आत शिरणाऱ्यावर पहिला वार केला तर तो सहसा चुकत नाही.

आता पाचव्या मजल्यावरचा मोठा शत्रू, तो काळा चिकट गोळा. (त्याचं इंग्रजी नाव मराठीत जसंच्या तसं लिहिलं तर आपण हे पत्र छापणार नाही.) त्याचा जीव १००, आणि पाण्यात उभा राहिला की जखम भरत जाते. म्हणून त्याला कोरड्या जागी ओढून आणायचं. तो फुगायला लागला की मारत राहण्याचा मोह सोडून दोन घरांच्या पलीकडे सरकायचं. बहुतेक जण त्या फुगलेल्या फटक्यानेच जातात.

तक्रारी सगळ्याच खोट्या नाहीत. वर दिलेले आकडे नवख्याला गेममधून चटकन उमगत नाहीत, आणि लहान स्क्रीनवर अक्षरं डोळ्यांना त्रास देतात. या दोन्हींबद्दल बनवणाऱ्याला बोल लावावा.

नशिबाचं म्हणाल तर सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवा. १२० पानं, दहा रंग, वाटप दर वेळी वेगळं. तरी गेलेली पानं लक्षात ठेवणारा आणि न ठेवणारा यांत फरक पडतोच. इथे तर पडताळाही घेता येतो. ‘सीड’ म्हणून एक अक्षरांचा संकेत असतो. गेम एकदा जिंकलेल्यांना तो स्वतः टाकता येतो. गेमच्या एकाच आवृत्तीत तोच संकेत दोघांनी टाकला की दोघांना तेच भुयार मिळतं. दोन फोन शेजारी ठेवून बघावं कोण कुठल्या मजल्यावर मरतो.

वीज जाते तिथल्या खेळाडूंसाठी एक सूचना. खाली उतरताना आणि ॲप बाजूला सारल्यावर डाव साठवला जातो. बॅटरी एकदम संपली तर मधल्या चाली जाऊ शकतात. चार्ज पाच टक्क्यांवर आला की एकदा होमचं बटण दाबावं.

आपले,
काही खेळाडू, सावंतवाडी–वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)