टॅब गावी आणण्याआधी त्यातलं खातं काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात एखादा जुना टॅब असतोच. पुतण्याच्या अभ्यासाला होईल, आईला व्हिडिओ कॉलवर नातवंडं दिसतील, एवढाच हेतू. गौरी-गणपती उरकतात, टॅब 'जागा नाही' म्हणू लागतो, कुणीतरी तो रिसेट करतं (म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करतं) आणि पडद्यावर आधीचं गुगल खातं व पासवर्ड मागितला जातो. खातं ज्याचं, तो मुंबईला परतलेला. पासवर्ड त्याला आठवत नाही, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि वाडीत रेंज मिळायला सड्यावर जावं लागतं. धडधाकट टॅब कपाटात पडून राहतो.

हे कुलूप चोरीला आळा बसावा म्हणून आहे; अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून ते आलं. पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून केलेल्या रिसेटने ते निघत नाही, उलट तेव्हाच ते आडवं येतं. म्हणून मालक शेजारी बसलेला असतानाच सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून गुगल खातं 'रिमूव्ह' करावं. खातं बंद होत नाही, फक्त त्या टॅबवरून उतरतं. आठवत नाही म्हणून पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर रिसेटपूर्वी २४ तास थांबा, असं गुगलच सांगते.

पण मुळात रिसेटची गरज असते का? बहुतेक वेळा नसते. ३२ जीबीच्या टॅबमध्ये बरीच जागा सिस्टमच घेते. उरलेली काठोकाठ भरली की अपडेट अडतात, अ‍ॅप मधेच बंद पडतात. टॅबमधल्या मेमरीला नवं लिहिण्यासाठी मोकळे कप्पे लागतात, ते नसले की आधी जुनं हलवत बसावं लागतं. तीनेक जीबी कायम मोकळी राहिली, तर टॅब बरा चालतो.

सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये कुठलं अ‍ॅप किती जागा खातं ते आधी पाहा. टेलिग्रामवर क्लासचे व्हिडिओ येत असतील तर तिथला 'क्लिअर कॅश' (कॅश म्हणजे अ‍ॅपने केलेला तात्पुरता साठा) बिनधास्त दाबा. व्हिडिओ टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात, लागतील तेव्हा पुन्हा उतरतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की ५ एमबीहून मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. सगळी शुभप्रभात तिथेच साठलेली असते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवर उतरवलेले जुन्या इयत्तेचे धडे काढा. डाउनलोड्समध्ये एकाच सातबाऱ्याच्या चार-चार प्रती असतात. जागा करून देणारी 'क्लीनर' अ‍ॅप मात्र टाकू नका. ती कॅश पुसतात, जी दोन दिवसांत परत भरते, आणि वर जाहिराती दाखवतात.

दोन बटणांत गल्लत होते आणि ती महागात पडते. 'क्लिअर कॅश'ने तात्पुरता साठा जातो, 'क्लिअर डेटा'ने त्या अ‍ॅपमधल्या तुमच्या नोंदी जातात. गुगल फोटोजचंही तसंच: तिथे 'फ्री अप स्पेस' दाबलं तर बॅकअप झालेले (म्हणजे गुगलकडे प्रत गेलेले) फोटो फक्त टॅबवरून जातात, पण 'डिलीट' केलं तर क्लाउडवरूनही, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवरूनही जातात. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३०.

एवढं करूनही रिसेट करायचाच असेल, तर बॅकअप 'चालू आहे' यावर विसंबू नका, तो 'पूर्ण' झाल्याची खात्री करा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी फुकट असतात. ते भरले की नवे फोटो वर जात नाहीत. पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर कॉपी केलेलं सर्वांत भरवशाचं. केबल लावल्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, नाहीतर नुसतं चार्जिंग होतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठा व्हिडिओ त्यावर जात नाही. कॉपी झाल्यावर फाइल्सची संख्या जुळवा आणि शेवटचा व्हिडिओ चालवून बघा.

मेमरी कार्ड रिसेटपूर्वी काढून ठेवा, पण त्याआधी ते 'इंटर्नल' म्हणून, म्हणजे टॅबच्या स्वतःच्या मेमरीचा भाग म्हणून, फॉरमॅट केलेलं नाही ना, हे स्टोरेजमध्ये पाहा. तसं असेल तर त्यातली माहिती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली टॅबमध्येच असते. रिसेटनंतर ते कार्ड कुठेही वाचता येत नाही. त्यातलं सगळं आधीच बाहेर काढा.

बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. लाइट गेली तरी टॅब बॅटरीवर चालेल, पण घरचा वायफाय बंद पडेल, आणि रिसेटनंतर खातं घालायला, अ‍ॅप पुन्हा उतरवायला इंटरनेट लागतंच. ऐन पावसात, वाऱ्यात हे काम काढू नये. रिसेट 'सिस्टम'मधल्या 'रिसेट ऑप्शन्स'मध्ये असतो, सॅमसंगमध्ये 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये. टॅब स्वतःच पुन्हा वापरणार असाल तर जुना पिन कागदावर लिहून ठेवा. गुगलवरचा बॅकअप परत घेताना तो मागितला जातो.

टॅब दुसऱ्याला देताना आणखी एक. २०१९ च्या अँड्रॉइड १० सह आलेल्या टॅबमध्ये माहिती कुलूपबंदच असते, रिसेटने किल्ली नष्ट होते आणि मागचं काही वाचता येत नाही. फार जुन्या टॅबमध्ये तसं नसू शकतं. तिथे आधी 'सिक्युरिटी'मधून 'एन्क्रिप्ट टॅबलेट' करा, म्हणजे माहिती कुलूपबंद होईल, आणि मग रिसेट करा. त्याला तासभर किंवा जास्त वेळ लागतो, चार्जर लावलेला लागतो आणि मधे खंड पडला तर डेटा जाऊ शकतो. लाइटचा भरवसा नसेल तर हे मुंबईतच उरकून या.

आयपॅडला 'फाइंड माय' (हरवलेला आयपॅड शोधायची सोय) बंद करून मगच 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' दाबायचं; बॅकअपसाठी आयक्लाउडवर (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यावर) फुकट फक्त ५ जीबी मिळतात, हे धरून चाला.

रिसेट झाल्यावर टॅब सुरू करून 'वेलकम' पडद्यापासून पुढे दोन पायऱ्या जाऊन बघा. जुनं खातं मागितलं नाही, की मगच तो पिशवीत टाका.

आपले,
टॅब-मोबाइल दुरुस्ती करणारे काही वाचक,
रत्नागिरी जिल्हा