सूचना: झेब्रा इंडेक्स फाइल्समधले बदल शुक्रवारपर्यंत पाठवा

सभासदहो,

येत्या शनिवारी रात्री ९ वाजता कोहा या ग्रंथालय प्रणालीच्या चाचणी सर्व्हरवर सगळ्यांचे बदल एकत्र करून झेब्राचा, म्हणजे तिच्या शोधयंत्राचा, पूर्ण रीइंडेक्स (सगळ्या नोंदींची शोधसूची पुन्हा तयार करणं) लावणार आहोत. ज्यांचे बदल बाकी आहेत, त्यांनी ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवावेत.

- हाताने बदल फक्त 'बिब्लिओ-कोहा-इंडेक्सडेफ्स' या एक्सएमएल फाइलमध्ये करा. तिच्यापासून एक्सएसएलटीप्रॉक या प्रोग्रॅमने तयार होणाऱ्या एक्सएसएल फाइलला हात लावू नका. मी एकदा लावला होता. फाइल पुन्हा तयार झाली आणि दुपारभराचं काम पुसलं गेलं.
- एक्सएमएल आणि एक्सएसएल या दोन्ही फाइल्स एकाच कमिटमध्ये (जतन केलेल्या बदलांच्या एकाच संचात) हव्यात.
- मार्क २१ आणि युनिमार्क या ग्रंथनोंदींच्या दोन साच्यांच्या फाइल्स वेगळ्या आहेत. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मार्क २१ मध्ये ०२० या फील्डमध्ये, युनिमार्कमध्ये ०१० मध्ये. तेव्हा ओळी जशाच्या तशा चिकटवू नका.
- नवीन इंडेक्स असेल तर 'बिब१' आणि 'सीसीएल प्रॉपर्टीज' या फाइल्समध्येही त्याची नोंद करा. हेच सगळे विसरतात, आणि मग इंडेक्स तयार असूनही शोधात काही सापडत नाही.

झेब्राऐवजी इलास्टिकसर्च हे शोधयंत्र वापरणाऱ्यांचं मॅपिंग (कोणतं फील्ड कोणत्या इंडेक्समध्ये जातं ते) वेगळं असतं, त्यांना हे लागू नाही.

रीइंडेक्स संपेपर्यंत चाचणी सर्व्हरवरचे शोध अर्धवट दिसतील. तेवढ्यात तक्रारी नोंदवू नयेत, ही विनंती.