एक रेघ म्हणजे धोका

मा. संपादक, स.न.

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या मुलांबद्दल आपल्या पेपरात व्हिसा, फी, नोकऱ्या सगळं येतं पण फेंटानिल या अतिजहाल नशेच्या औषधाबद्दल कोणी लिहीत नाही. इथं पार्टीत मिळणारी झॅनॅक्स (चिंतेवरची) किंवा अ‍ॅडरॉलची (एकाग्रतेसाठीची) गोळी हुबेहूब मेडिकलमधल्यासारखी दिसते पण ती कुठल्यातरी खोलीत मशीनवर दाबलेली असू शकते आणि त्यात फेंटानिल असू शकतं, ते हेरॉइनच्या साधारण 50 पट जहाल, 2 मिलिग्रॅममध्येसुद्धा माणूस जाऊ शकतो.

त्यासाठी टेस्ट स्ट्रिप मिळते. पूड पाण्यात विरघळवायची, पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर फेंटानिल आहे, दोन आल्या तर सापडलं नाही, म्हणजे कोविडच्या किटच्या बरोब्बर उलटं आणि इथंच पोरं गंडतात! शिवाय किती आहे ते कळत नाही, गोळीचा एक कोपरा तपासला आणि माल दुसऱ्या कोपऱ्यात असला तर काय उपयोग, आणि निटाझीनसारखं दुसरंच जहाल नशेचं विष असलं तर ही पट्टी ते पकडतच नाही.

2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या पट्ट्यांसाठी निधी वापरायला परवानगी दिली, आमच्या न्यू जर्सीत 2022 मध्ये त्या कायदेशीर झाल्या. तरी "याने पोरं अजून बिघडतील" म्हणणारे काका आहेतच, मला ते अजिबात पटत नाही, घेणारा पट्टी नसली तरी घेतोच. फेंटानिलचा असर उलटवणाऱ्या नॅलोक्सोन औषधाचा नाकात मारायचा स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, मुलांना तोही बॅगेत ठेवायला सांगा, आणि स्प्रे मारल्यावर 911 ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करायचाच, कारण स्प्रेचा असर उतरतो.

- एक वाचक, न्यू जर्सी