नॉमिनी केलं म्हणजे वारस होत नाही

मा. संपादक,
आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोघीजणी कितीतरी वर्षं जोडपं म्हणून एकत्र राहतायत, परवा एकीला अ‍ॅडमिट केलं तर फॉर्मवर नात्याच्या रकान्यात दुसरीने 'मैत्रीण' लिहिलं आणि सहीसाठी सांगलीहून भाऊ येईपर्यंत सगळे थांबले, जीव तुटला बघून.

ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांसाठी २००५ पासून सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नाऐवजी जोडीदारीची कायदेशीर नोंदणी, आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून लग्नही, आणि दोन्हीत वारसा, टॅक्सचे हक्क जवळपास सारखेच. फरक एवढाच की लग्नात ठराविक शब्द बोलावे लागतात, पार्टनरशिप नुसत्या सहीवर होते, आणि २०२२ पर्यंत व्यभिचार हे कारण फक्त लग्न मोडायला चालायचं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाकारला, सिव्हिल युनियनची (तशाच जोडीदारीच्या नोंदणीची) मागणीही ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली गेली, म्हणजे हेही नाही आणि तेही नाही! २०२४ मध्ये अर्थ खात्याने अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट अकाउंट आणि नॉमिनी चालेल असं स्पष्ट केलं, चांगलंच झालं, पण नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मृत्युपत्र नसेल तर मालकी माहेरच्यांचीच. संसदेने निदान सिव्हिल युनियनचा कायदा तरी लवकर करावा, आणि तोवर अशा जोडप्यांनी मृत्युपत्र रजिस्टर करून घ्याच.

— एक वाचक, कोथरूड, पुणे